आर (सांख्यिकीची संगणकभाषा) शिकायला कोणतं पुस्तक? (एक्सेल येतं, सर्वेक्षणाचा डेटा हाताळायचा आहे)

गोदाकाठ
एक्सेल बऱ्यापैकी येतं. पिव्होट, व्ही-लुकअप, थोडं पॉवर क्वेरी. सांख्यिकी पदवीपुरती, म्हणजे सरासरी, प्रमाणित विचलन आणि टी-टेस्टपर्यंत. आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा (एनएफएचएस-५, २०१९-२१) मूळ डेटा घेऊन महाराष्ट्रातल्या स्त्रियांमधल्या रक्तक्षयाचे जिल्हावार तक्ते करायचे आहेत. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा.

तीन पुस्तकांची नावं सगळीकडे दिसतात: 'आर फॉर डेटा सायन्स', 'अ‍ॅन इंट्रोडक्शन टू स्टॅटिस्टिकल लर्निंग' आणि 'द आर्ट ऑफ आर प्रोग्रॅमिंग'. आधी कोणतं घ्यावं? तिन्ही लागतील का? की सरळ पायथन धरावं?

तक्ताबहाद्दर
ही तीन पुस्तकं एकमेकांना पर्याय नाहीत. नावं सारखी वाटतात म्हणून घोटाळा होतो.

पहिलं (विकम आणि ग्रोलमंड) डेटा आत आणणं, साफ करणं, जोडणं आणि आलेख काढणं यासाठी. दुसरं मॉडेल बसवण्यासाठी: रिग्रेशन, क्लासिफिकेशन, क्रॉस-व्हॅलिडेशन. तिसरं (मॅटलॉफ, २०११) आर ही भाषा म्हणून शिकवतं: व्हेक्टर, लिस्ट, फंक्शन, डीबगिंग. त्यात सांख्यिकी शोधायला जाल तर हात हलवत परत याल.

तुमच्या कामातला ऐंशी टक्के वेळ साफसफाई आणि जोडणीतच जाणार, तेव्हा पहिलंच घ्या. मात्र दुसरी आवृत्ती, २०२३ ची. २०१७ च्या पहिल्या आवृत्तीत तक्ता आडवा-उभा करायला गॅदर आणि स्प्रेड आहेत, नव्या आवृत्तीत पिव्होट-लाँगर आणि पिव्होट-वायडर. जुनी फंक्शनं अजून चालतात, पण मदत मागायला गेलात की उत्तरं नव्या पद्धतीची मिळतात आणि डोकं फिरतं. पाइपचं (एका पायरीचं उत्तर पुढच्या पायरीत ढकलायचं) चिन्हही नव्या आवृत्तीत आरचं स्वतःचं आहे, जे मे २०२१ च्या ४.१ पासून आलं. संपूर्ण पुस्तक नेटवर फुकट वाचता येतं, त्यामुळे आधी चार प्रकरणं वाचून बघा, विकतचं मग बघू.

एक सावधगिरी: पहिल्या आवृत्तीत मॉडेलिंगचा अख्खा विभाग होता, दुसरीत तो काढून टाकलाय. 'या पुस्तकात रिग्रेशनही आहे' असं कुणी सांगितलं तर तो जुन्या आवृत्तीबद्दल बोलतोय.

मध्यक
+१. छापील घेणार असाल तर मुखपृष्ठ नीट बघा. अशा पुस्तकांच्या स्वस्त भारतीय आवृत्तीवर बारीक अक्षरात 'ग्रेस्केल' लिहिलेलं असतं. आलेखांच्या प्रकरणात 'निळे ठिपके एक गट, लाल ठिपके दुसरा' असं वाचायचं आणि समोर दोन्ही एकाच करड्या रंगाचे.

अबचौ_फेरीवाला
अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं स्वस्त मिळतात, तिथे 'आर' मागितलं तर दुकानदार विचारतो 'आर-वन की आर-टू?' बाकी चालू द्या.

सापचावला
पायथनबद्दल कुणीच बोलेना, म्हणून मी. वेस मॅकिनीचं 'पायथन फॉर डेटा अ‍ॅनालिसिस' घ्या. पांडास ही तक्ते हाताळायची लायब्ररी मुळात त्यानेच लिहायला घेतली, २००८ मध्ये. तिसरी आवृत्ती २०२२ ची, तीही नेटवर फुकट. नोकरीच्या बाजारात पायथनला जास्त मागणी आहे, आणि उद्या वेबसाइट, ऑटोमेशन काहीही करायचं झालं तरी तीच भाषा कामाला येते.

प्रमाणविचलित
@सापचावला, पुस्तक चांगलंच आहे, पण ते पांडासचं आहे, सांख्यिकीचं नाही. त्यावर विसंबून बसलेल्यांना पहिला धक्का कुठे बसतो ते दाखवतो. हे आठ आकडे घ्या: २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९. सरासरी ५. नमपायच्या (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) एसटीडीने विचलन काढलं तर २ येतं. तेच आकडे पांडासच्या स्तंभात घालून एसटीडी काढलं तर २.१४. दोन्ही बरोबर. नमपाय मुळात एन (आकड्यांची संख्या) ने भागतं, पांडास एन वजा एक ने. एक्सेलमध्ये याची दोन वेगळी फंक्शनं आहेत (एस वालं आणि पी वालं), म्हणून निवड आपोआप डोळ्यांसमोर येते. इथे ती लायब्ररीने परस्पर करून टाकलेली असते.

आणि जुनी आवृत्ती घेऊ नकाच. डेटाफ्रेमचं अपेंड पांडास २.० मध्ये (एप्रिल २०२३) काढून टाकलं, आयएक्स तर १.० मध्येच गेलं. २०१२ च्या पहिल्या आवृत्तीतला कोड टाइप करत बसलात तर अर्धा वेळ चूक आपली की काळाची हे ठरवण्यात जाईल.

सापचावला
मान्य. पण आरची जुनी पुस्तकं काय कमी त्रास देतात?

शून्यकल्पना
देतात ना. आरमधली खोड तर जास्त वाईट, कारण एररच येत नाही.

२०२० च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे ४.० येईपर्यंत, रीड डॉट सीएसव्ही मजकुराच्या स्तंभाचा आपणहून फॅक्टर (ठरावीक पातळ्यांचा, आतून क्रमांक दिलेला स्तंभ) करायचं. समजा उत्पन्नाच्या स्तंभात १०, २०, ५ आहेत आणि कुणीतरी एका ओळीत '—' टाकलंय. त्या एका आडव्या रेघेमुळे अख्खा स्तंभ मजकूर होतो, मजकुराचा फॅक्टर होतो. मग तुम्ही शहाणपणाने अ‍ॅज डॉट न्यूमरिक लावता. हातात पडतात पातळ्यांचे क्रमांक, मूळ आकडे नव्हेत. पातळ्या मजकुरासारख्या क्रमाने लागतात, म्हणून १०, २० नंतर ५. पाच रुपयेवाला सगळ्यांत श्रीमंत! आधी अ‍ॅज डॉट कॅरेक्टर आणि मग न्यूमरिक, असं दोन पायऱ्यांनी जायचं.

२०२० च्या आधीच्या पुस्तकांत याच्यावर उपाय म्हणून प्रत्येक वेळी एक जादा आर्ग्युमेंट लिहिलेलं दिसतं. ते दिसलं की पुस्तकाचं वय कळतं, बैलाचे दात बघितल्यासारखं.

कोरडवाहू
थोडं अवांतर, पण कृषी विद्यापीठातले विद्यार्थीही हा धागा वाचतील म्हणून लिहितो. आपल्याकडे शेतीच्या प्रयोगांसाठी पानसे आणि सुखात्मे यांचं १९५४ चं पुस्तक अजूनही प्रमाण मानतात. गणित समजून घ्यायला त्याला तोड नाही. फक्त आकडेमोड हाताने करू नका, आरमध्ये करा.

तिथे होणारी नेहमीची चूक: ५ उपचार, ४ पुनरावृत्ती, एकूण २० वाफे, रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन. उपचाराच्या स्तंभात १, २, ३, ४, ५ आणि ब्लॉकच्या स्तंभात १ ते ४ भरलेले. तसंच एओव्हीला (प्रसरण-विश्लेषणाचं फंक्शन) दिलं की आर त्यांना आकडेच समजतो आणि सरळ रेषा बसवतो. डिग्रीज ऑफ फ्रीडम बघा: उपचाराला १, ब्लॉकला १, एररला १७. खरं हवं ४, ३ आणि १२. दोन्हीकडे बेरीज १९ च, म्हणून संशय येत नाही. दोन्ही स्तंभ आधी फॅक्टर करा आणि पी-व्हॅल्यूकडे बघण्याआधी डिग्रीज ऑफ फ्रीडम मोजा.

क्रिटिकल डिफरन्स (दोन उपचारांत किमान किती फरक असला की तो खरा धरायचा) काढताना टी ची किंमत क्यूटी (आरचं टी-वितरणाचं फंक्शन) मध्ये ०.९७५ देऊन घ्या. १२ डिग्रीजला २.१७९ येते. ०.९५ दिलंत तर १.७८२, आणि नसलेले फरक 'सिग्निफिकंट' ठरतात. पुस्तकामागच्या तक्त्यात ५ टक्के असं लिहिलेलं असतं ते दोन्ही शेपट्या मिळून, क्यूटी मात्र एका बाजूने मोजतं. एखादा वाफा वाया गेला असेल तर सूत्रात ब्लॉक आधी आणि उपचार नंतर लिहा, कारण एओव्ही क्रमाने बेरजा काढतं. सगळे वाफे शाबूत असतील तर क्रमाने काही बिघडत नाही.

मध्यक
@कोरडवाहू, हे अवांतर नाहीच. पुरोहित, गोरे आणि देशमुख यांचं 'स्टॅटिस्टिक्स यूजिंग आर' (२००८) याच वळणाचं आहे. आधी संकल्पना, मग आरच्या चार ओळी, मग उत्तराचा अर्थ. ज्यांची सांख्यिकी विसरलीय त्यांनी ते शेजारी ठेवावं. टायडीव्हर्स (विकम यांच्या पुस्तकातल्या पॅकेजांचा संच) त्यात सापडणार नाही, ते तेव्हा नव्हतंच.

चिमणीचं_घर
एवढी पुस्तकं कशाला? एआयला विचारा, कोड लिहून देतो. २०२३ नंतर पुस्तक विकत घेणारे म्हणजे कॅसेट जपून ठेवणारे.

प्रमाणविचलित
देतो की. 'महाराष्ट्रात किती टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे' विचारलंत तर नेटका कोड येईल, चालेल आणि एक टक्केवारीही देईल. भार (एक स्त्री किती जणींच्या वतीने मोजायची तो आकडा) लावलेत का, गर्भवती वेगळ्या धरल्यात का, ९९९ सारखे कोड काढलेत का, हे विचारायचं असतं हे ज्याला माहीत आहे त्यालाच तो उपयोगी. ते माहीत कुठून होणार?

तक्ताबहाद्दर
बरोबर. आणि इथेच मूळ प्रश्नाकडे यायला हवं, कारण @गोदाकाठ यांच्या यादीत जे पुस्तक खरं लागणार आहे तेच नाही. सर्वेक्षणाचा डेटा म्हणजे साधा नमुना नव्हे. त्यासाठी थॉमस लमली यांचं 'कॉम्प्लेक्स सर्व्हेज' (२०१०). सर्व्हे हे आरचं पॅकेजही त्यांचंच. कोड जुन्या वळणाचा आहे, पण आजही चालतो. पायथनमध्ये या कामासाठी इतकं मुरलेलं पॅकेज नाही, तेव्हा @सापचावला, या एका कारणासाठी आर.

लोहयुक्त_पालक
एनएफएचएसच्या फायलींबद्दल नेमकं लिहिते, कारण हे कुठल्याच पुस्तकात एका जागी मिळत नाही.

स्त्रियांच्या फायलीत ७,२४,११५ ओळी आहेत आणि स्तंभ हजारोंनी. एक आकडी स्तंभ आरमध्ये ८ बाइट × ७.२४ लाख, म्हणजे साधारण ५८ लाख बाइट. हजार स्तंभ घेतले की ५.८ जीबी, आणि ८ जीबीचा लॅपटॉप तिथेच धाप टाकतो. हेवन पॅकेजच्या रीड-डीटीए मध्ये कॉल-सिलेक्ट असतं, त्यात लागणारे दहा-बारा स्तंभच मागवा. (एक्सेलचा विचारही नको. तिथे १०,४८,५७६ ओळी मावतात खऱ्या, पण १५ अंकांपुढचा ओळख-क्रमांक दिला की पुढच्या अंकांची शून्यं करून टाकतं.)

कोणते स्तंभ: व्ही००५ भार, व्ही०२१ प्राथमिक नमुना एकक म्हणजे पीएसयू (नमुन्यात निवडलेलं गाव किंवा शहरी भाग), व्ही०२३ स्तर (नमुना निवडण्याआधी पाडलेले गट), व्ही०२४ राज्य, व्ही४५७ रक्तक्षयाची पातळी. शिवाय जिल्ह्याचा. व्ही४५७ मध्ये १ तीव्र, २ मध्यम, ३ सौम्य, ४ नाही. म्हणजे १ ते ३ ला 'हो' धरायचं, ४ ला 'नाही', रिकाम्या ओळी रिकाम्याच. रिकाम्याला 'नाही' धरलंत तर टक्केवारी गुपचूप खाली येते.

भार फायलीत १० लाखांनी गुणून ठेवलेला असतो, तो भागून घ्या. मग सर्व्हे पॅकेजच्या एसव्हीवाय-डिझाइनला पीएसयू, स्तर आणि भार द्या, नेस्ट खरं ठेवा. 'एका स्तरात एकच पीएसयू' असा एरर आला तर पर्यायात लोनली-पीएसयू अ‍ॅडजस्ट करा. हा एरर बहुतेक वेळा एकाच कारणाने येतो: डिझाइन बनवण्याआधीच महाराष्ट्र किंवा एखादा उपगट गाळून घेतलेला असतो. आधी पूर्ण डेटावर डिझाइन, मग सबसेट. उलट केलंत तर सरासरी तीच येते, स्टँडर्ड एरर बिघडू शकतो.

घरगुती हिंसाचाराच्या प्रश्नांना व्ही००५ चालत नाही. तिथे डी००५, कारण ते प्रश्न निवडक घरांत एकाच स्त्रीला विचारतात. पुरुषांच्या फायलीत एमव्ही००५, घरांच्या फायलीत एचव्ही००५.

शून्यकल्पना
@लोहयुक्त_पालक, ताई, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका! एक भर: व्ही४४५ मध्ये बीएमआय शंभरपटीत असतो, २१५० म्हणजे २१.५०, आणि ९९९८ म्हणजे संशयास्पद नोंद. शंभर जणींत ९८ जणींचा २१.५ आणि दोन ओळी ९९९८ च्या राहिल्या तर सरासरी २१.५ ची २३.०७ होते. हा आकडा इतका पटण्यासारखा असतो की कुणीही शंका घेत नाही. पाचशे वगैरे आला असता तर बरं झालं असतं.

देवनागरीकर
मराठीत भरलेला डेटा असणाऱ्यांसाठी. इंग्रजी पुस्तकात हे येणार नाही.

विंडोजवर ४.२ च्या (एप्रिल २०२२) आधीचं आर असेल तर गावांच्या नावांऐवजी कोनाच्या कंसांत यू-अधिक-चार-आकडे असं काहीतरी दिसतं. नवं आर टाका, निम्मे प्रश्न मिटतात.

फॉर्ममध्ये कुणी वय '२५' असं देवनागरीत टाइप केलं असेल तर अ‍ॅज डॉट न्यूमरिक एनए (रिकामी नोंद) देतं. सोबत वॉर्निंग येते, पण ती लाल ओळ कोण वाचतो? सीएचएआर-टीआर ने देवनागरी दहा अंकांच्या जागी इंग्रजी दहा अंक घाला, मग आकडा करा.

एनकॅर (अक्षरं मोजणारं फंक्शन) 'पुणे' ला ४ सांगतं, कारण उकार आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. त्यामुळे 'पहिली तीन अक्षरं घ्या' असा हुकूम दिला की 'पुण' हातात येतं.

आलेखावर जोडाक्षरं तुटत असतील किंवा चौकटी येत असतील तर रॅग पॅकेजचं डिव्हाइस वापरून पीएनजी करा. आणि सीएसव्ही एक्सेलवाल्या सहकाऱ्याला पाठवायची असेल तर राइट-एक्सेल-सीएसव्ही, साधं राइट-सीएसव्ही नको. पहिलं फंक्शन फाइलच्या सुरुवातीला खूण घालतं, म्हणून एक्सेलला मजकूर यूटीएफ-८ आहे हे कळतं. नाहीतर सगळा मजकूर 'à¤' सारख्या किड्यांचा.

अबचौ_फेरीवाला
'किड्यांचा' 😂 आमच्याकडे त्याला 'लॅटिन अमेरिकेत गेलेली फाइल' म्हणतात.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार, वाखु (वाचनखूण) साठवली. म्हणजे आधी 'आर फॉर डेटा सायन्स'ची दुसरी आवृत्ती, मग लमली, आणि स्टॅटिस्टिकल लर्निंग सध्या बाजूला?

प्रमाणविचलित
हो. ते पुस्तक उत्तम आहे (२०२१ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्व्हायव्हल आणि मल्टिपल टेस्टिंगही आलं, लेखकांच्या साइटवर पीडीएफ फुकट, २०२३ पासून पायथनची आवृत्तीही), पण त्याचा रोख भाकितावर आहे. तुम्हाला भाकीत करायचं नाही, अंदाज आणि त्याची त्रुटी सांगायची आहे. पहिल्या पुस्तकातही सगळं वाचू नका. आलेख, ट्रान्सफॉर्म, टायडी, इंपोर्ट, फॅक्टर, मिसिंग व्हॅल्यूज, जॉइन एवढं सोडवण्यासकट करा. वेब स्क्रेपिंग आणि डेटाबेस नंतर.

तक्ताबहाद्दर
आणि तक्ते करण्याआधी एक तपासणी. अहवालात देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधला रक्तक्षय ५७.० टक्के छापलाय, महाराष्ट्राचा ५४.२. तुमच्या कोडमधून हे दोन आकडे दशांशापर्यंत येईपर्यंत जिल्ह्याला हात लावू नका.

गोदाकाठ
एक मूर्ख प्रश्न. भाराला १० लाखांनी भागायचं विसरलं तर टक्केवारी चुकेल का?

लोहयुक्त_पालक
मूर्ख नाही. एसव्हीवाय-मीनमध्ये टक्केवारी तीच राहते आणि स्टँडर्ड एररही तोच, कारण वर-खाली दोन्हीकडे तोच गुणक असतो. एसव्हीवाय-टोटल मात्र दहा लाखपट फुगतो.

खरा धोका साध्या जीएलएममध्ये (रिग्रेशनचं फंक्शन). बायनॉमिअल मॉडेलला वेट्स म्हणून कच्चा व्ही००५ दिला तर आर त्याला 'एवढ्या वेळा प्रयोग केला' असं समजतो. भागलेल्या भाराने येईल त्यापेक्षा स्टँडर्ड एरर हजारपट लहान होतो (दहा लाखांचं वर्गमूळ), आणि प्रत्येक चलापुढे तीन चांदण्या (आरची 'अत्यंत सिग्निफिकंट' अशी खूण) लागतात. भागलात तरी तो एरर खरा नव्हेच, कारण पीएसयू आणि स्तर त्याला माहीतच नाहीत. तिथे एसव्हीवाय-जीएलएम, आणि फॅमिली क्वाझी-बायनॉमिअल. साधं बायनॉमिअल लिहिलंत तर 'यशांची संख्या पूर्णांक नाही' अशी वॉर्निंग येते. आकडे तेच राहतात, घाबरू नका.

अबचौ_फेरीवाला
तीन चांदण्या बघून प्रबंधाचे गाइड खूश होतात हे ताईंनी लिहिलं नाही.